हात आणि वागणं, दोन्हीकडे बघ

परवा फोनवर तू विचारलंस, ‘‘ताई, आजार स्नायूंचा आहे ना? मग हे असे परके का वागायला लागलेत?’’ मागे भाऊजींचा आवाज येत होता, म्हणून मी तेव्हा दोनच वाक्यं बोलले. आज निवांत बसून सगळं सांगते. चहा घे आणि वाच. मध्येच रडू आलं तर रड, पण अर्धवट ठेवू नकोस. पुढच्या दिवसांत हे तुला पदोपदी लागणार आहे.

आधी मुद्द्याचं. भाऊजींची जीभ जड झाली, उजव्या हाताच्या अंगठ्याजवळचा मांसल भाग बसला, दंडावर कातडीखाली सारखं फडफडतं. हे सगळं तू आजाराच्या खात्यात टाकलंस. आणि सासूबाईंच्या तेराव्याला चार माणसांत मोठ्यानं हसणं, धाकट्याला एकशेतीन ताप असताना टीव्हीवरून नजर न हलवणं, पेढ्यांचा डबा एका बैठकीत संपवणं, हे टाकलंस स्वभावाच्या खात्यात. ‘‘वय झालं तसे आतून कोरडे झाले,’’ असं म्हणालीस. अगं, मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही. पण मेंदूविकाराच्या वॉर्डात नोकरीची बरीच वर्षं काढली, आणि तू सांगितलेलं ऐकताना मला सारखं वाटत होतं की ही दोन खाती नाहीत. दुखणं एकच असावं.

तू ज्याला स्नायूंचा आजार म्हणतेस तो मोटर न्यूरॉन डिसीज, म्हणजे एमएनडी. त्यातला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार एएलएस. हालचालींचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या पेशी मरत जातात आणि स्नायू वाळतात. दुसरा आजार फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, एफटीडी. त्यात मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलांजवळचा भाग झिजतो. माणसाचं तारतम्य, माया, संयम, पुढाकार आणि काहींची भाषा त्या भागावर अवलंबून असते. डिमेन्शिया म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर किल्ल्या विसरणारे ऐंशीचे आजोबा येतात. एफटीडी बहुतेक वेळा पंचेचाळीस ते पासष्ट या वयात येतो आणि सुरुवातीला स्मरणशक्ती बरीचशी शाबूत असते. म्हणून कुणाच्या मनातच येत नाही. भाऊजींना अजून २०१२ सालच्या गाडीचा नंबर पाठ आहे, तेव्हा ‘डोकं चांगलं चालतंय की’ असं सगळे म्हणणारच.

तुला कुणीतरी हेही सांगितलं असेल की एमएनडीत शरीर जातं पण बुद्धी शेवटपर्यंत लखलखीत राहते. लोक हॉकिंगचं नाव घेतात. स्टीफन हॉकिंगना १९६३ मध्ये एकविसाव्या वर्षी निदान झालं आणि ते २०१८ पर्यंत जगले, काम करत राहिले. पण त्यांचा आजार कमालीचा संथ होता. त्यांच्यावरून सगळ्यांचा हिशेब मांडता येत नाही. काळजीपूर्वक तपासणी केली तर एएलएसच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांत विचार करण्यात किंवा वागण्यात काही ना काही बदल सापडतो. दहा ते पंधरा टक्क्यांत तो पूर्ण एफटीडी म्हणण्याइतका असतो. उलट बाजूनंही तसंच आहे. एफटीडीनं सुरुवात झालेल्यांपैकी साधारण पंधरा टक्क्यांना पुढे एमएनडी होतो. कुणाचं वागणं आधी बदलतं, कुणाचा हात आधी जातो, दुसरी बाजू नंतर उघडी पडते. म्हणजे निम्म्यांची बुद्धी खरोखरच चांगली राहते, आणि ते त्यांच्या नशिबाचं. पण उरलेल्यांच्या घरच्यांना ‘डोकं शाबूत असतं’ हे ऐकवणं क्रूर आहे. त्याचा अर्थ मग असाच निघतो की माणूस कळून सवरून छळतोय.

हे डॉक्टरांनाही उशिरा उमगलं. पॅरिसमध्ये शार्को यांनी १८६९ मध्ये एएलएसचं वर्णन केलं, प्रागमध्ये आर्नोल्ड पिक यांनी १८९२ मध्ये कपाळाकडच्या भागाच्या झिजेचा रुग्ण नोंदवला, आणि पुढे किती तरी दशकं हे दोन आजार दोन वेगळ्या कपाटांत राहिले. जपानमध्ये मित्सुयामा यांनी १९७०-८० च्या दशकांत एकाच माणसात दोन्ही दिसणारे रुग्ण नेटानं गोळा करून मांडले. पक्का धागा सापडला २००६ मध्ये. फिलाडेल्फियाच्या प्रयोगशाळेत मॅन्युएला न्यूमन, व्हर्जिनिया ली, जॉन ट्रोयानोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एएलएसमध्ये आणि एफटीडीच्या मोठ्या गटात पेशींत साचणारा पदार्थ एकच आहे. टीडीपी-४३ नावाचं प्रथिन. एएलएसच्या जवळजवळ सगळ्या रुग्णांत आणि एफटीडीच्या साधारण निम्म्या रुग्णांत ते सापडतं. एरवी हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात बसून जनुकांचे निरोप नीटनेटके करतं. आजारात ते केंद्रकाबाहेर जाऊन गोळा होतं. घरातला कर्ता माणूस उठून उंबरठ्याबाहेर बसावा, आत कामं तुंबावीत आणि बाहेर वाट अडावी, तसं दुहेरी नुकसान. मज्जारज्जूत हे घडलं तर हात वाळतो, कपाळामागे घडलं तर माया वाळते. प्रक्रिया तीच.

म्हणून म्हणते, त्यांच्या हातावर चिडत नाहीस ना तू? बटण लागत नाही म्हणून ओरडत नाहीस. मग धाकट्याच्या तापाकडे न बघण्यावरही चिडू नकोस. म्हणजे राग येईल, तो येऊ दे, तू माणूस आहेस. पण ‘यांचं आमच्यावर प्रेमच नव्हतं कधी’ इथपर्यंत जाऊ नकोस. तुझं बाळंतपण अडलं तेव्हा दवाखान्याच्या पायरीवर रात्रभर बसलेला माणूस मी पाहिलाय. तो खोटा नव्हता. दुसऱ्याचं दुःख ओळखायचं मेंदूचं जे काम, तेच आता बंद पडत चाललंय. त्यांना तुझा चेहरा दिसतो, त्यावरचं रडू वाचता येत नाही. आणि यातलं सगळ्यांत कठीण म्हणजे, आपण बदललोय हे त्यांना स्वतःला कळत नाही. ते नाटक करत नाहीत, लपवतही नाहीत. ‘मी ठीक आहे’ असं ते म्हणतात तेव्हा त्यांना खरंच तसं वाटत असतं. त्यामुळे त्यांना समजावून, शपथा घालून, मुलांची आण देऊन काही होणार नाही. तुझी ताकद मात्र संपेल.

रडण्या-हसण्याचं थोडं वेगळं आहे. एमएनडीत भावनांवरचा लगाम सुटतो. किरकोळ गोष्टीवरून हुंदके देऊन रडणं किंवा हसू न आवरणं होतं, आणि आतून तितकं दुःख किंवा आनंद नसतोही. तेराव्याचं हसणं यातलं असू शकतं. डॉक्टरांना ते मुद्दाम सांग, त्यावर औषध देता येतं.

आता डॉक्टरांकडे जाताना काय करायचं. एक साधी वही घे. डाव्या पानावर हाताचं, चालण्याचं, गिळण्याचं, बोलण्याचं. उजव्या पानावर वागण्याचं. तारीख घालून लिही. ‘चिडचिड करतात’ असं लिहू नकोस, काय घडलं ते लिही. ‘वाण्याच्या दुकानात बरणीत हात घालून खाल्लं, पैसे न देता निघाले’ असं. आणि डॉक्टरांशी पाच मिनिटं एकटीनं बोलायला माग. भाऊजींसमोर तू बोलणार नाहीस आणि ते सगळं नाकारतील. कनिष्ठ डॉक्टर तीस मार्कांची स्मरणशक्तीची चाचणी घेतात, आजची तारीख, शंभरातून सात वजा वगैरे. एफटीडीच्या सुरुवातीला माणूस त्यात चांगले मार्क मिळवू शकतो आणि घरच्यांना परत पाठवलं जातं. कपाळामागच्या भागाच्या चाचण्या वेगळ्या असतात. एका मिनिटात एका अक्षरानं सुरू होणारे किती शब्द सांगता येतात, नियम बदलला की वागणं बदलतं का, अशा. एडिंबरामध्ये एएलएसच्या रुग्णांसाठीच एक चाचणी तयार झालीये, ईकॅस. बोलणं मंद किंवा हात कमजोर असला तरी त्यात अन्याय होत नाही. आपल्याकडे ती तशीच मिळेल असं नाही, पण न्यूरोसायकॉलॉजिस्टकडून सविस्तर तपासणी हवी, हे तू स्पष्ट माग. सोबत ईएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी, आणि मेंदूचा एमआरआय होईलच. रक्ताची एक तपासणी करून हो किंवा नाही ठरवता येईल, असा हा आजार नाही.

आणि एक. कुणी विस्मरणाची गोळी म्हणून डोनेपेझिल लिहून दिलं तर ‘एफटीडीत हे चालतं का’ असं विचार. अल्झायमरचं ते औषध एफटीडीत उपयोगी पडत नाही, कधी चिडचिड वाढवतं. वागण्यासाठी नैराश्यावरच्या काही गोळ्यांचा उपयोग होतो, त्या न्यूरॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. एमएनडीसाठी रिलुझोल आहे, १९९५ पासून. पन्नास मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, मधूनमधून यकृताची तपासणी. मूळच्या अभ्यासांत आयुष्य सरासरी दोन-तीन महिन्यांनी वाढलं. थोडंच आहे, पण घ्यायला हरकत नाही. स्टेम सेलच्या जाहिराती तुझ्यापर्यंत पोचल्या असतीलच. त्यात दागिने घालू नकोस. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार असे उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर पैसे घेऊन करायचे नाहीत. तो पैसा तुला रात्रीच्या मावशींसाठी आणि बायपॅपसाठी, म्हणजे मास्क लावून श्वासाला मदत करणाऱ्या यंत्रासाठी, लागणार आहे.

जेवणाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण दोन्ही आजार एकत्र आले की सगळ्यांत मोठा धोका ताटात असतो. एमएनडीमुळे घसा आणि जीभ कमजोर, घास नीट ढकलला जात नाही. एफटीडीमुळे खाण्यावरचा ताबा गेलेला, गोडाची ओढ, घासावर घास कोंबण्याची घाई. नुसता एमएनडी असलेला माणूस ठसका लागला की घाबरून हळू होतो. भाऊजी होणार नाहीत. त्यांना भीतीच वाटत नाहीये. म्हणून सावधपणा तुला बाहेरून आणावा लागेल. ताट भरून वाढू नकोस. वाटीत चार घास, ते संपले की पुढचे. मोठा चमचा काढून घे, लहान मुलांचा दे. पाणी आणि चहा यांसारखे पातळ पदार्थ घशातून सर्रकन श्वासनलिकेकडे जातात, त्यामुळे पाण्यानं ठसका लागायला लागला की ते दाट करायची पावडर मिळते. नाचणीचं दाटसर सत्त्व, मऊ खिचडी, घोटलेलं वरण, दह्यात कालवलेला मऊ भात चालतो. चिवडा, फरसाण, भाकरीचा कोरडा तुकडा, शेंगदाणे, डाळिंबाचे दाणे, साबुदाण्याची खिचडी नको. उपवास सोडायला लाव सरळ. मान किंचित खाली, पाठ ताठ, टीव्ही बंद, आणि खाल्ल्यावर अर्धा तास आडवं होऊ द्यायचं नाही. स्पीच थेरपिस्ट गिळण्याचीही तपासणी करतात, त्यांना एकदा दाखवच.

डबे कुलपात ठेवायला लाजू नकोस. माझ्या माहितीतल्या एका घरी फ्रिजलाच साखळी लावली होती आणि नातेवाइकांनी त्या सुनेला ‘सासऱ्याला उपाशी ठेवते’ म्हणून नावं ठेवली. तिनं ते ऐकून घेतलं आणि साखळी काढली नाही. फार शहाणी बाई.

वजन मात्र घटू द्यायचं नाही. एमएनडीत वजन उतरणं वाईट. गिळणं फार अवघड झालं तर पोटातून नळी बसवतात. ती बसवायची असेल तर फुप्फुसांची ताकद निम्म्याच्या खाली जाण्याआधी बसवणं सुरक्षित असतं, म्हणून त्याबद्दलचं बोलणं उशिरावर ढकलू नकोस. बसवायची की नाही, हा प्रश्न वेगळा. नळी उपटून काढणारा माणूस असेल तर तिचा त्रासच जास्त होऊ शकतो. २००५ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की वागण्यात आणि नियोजनबुद्धीत बदल झालेले रुग्ण श्वासाचं यंत्र आणि पोटातली नळी इतरांपेक्षा जवळजवळ दुपटीनं नाकारतात. त्यांचं आयुष्यही कमी पडलं. तसं तुमच्याकडे घडलं तर ‘माझ्यात दम नव्हता’ असं मनात आणू नकोस. मास्क तोंडाला लावायला आधी माणसाला तो का लावायचा हे कळावं लागतं.

श्वासाकडे लक्ष ठेव. आडवं झाल्यावर धाप लागते का, सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतं का, दिवसा पेंगतात का, खोकल्यात जोर उरलाय का. यातलं काही दिसलं की पुढच्या तारखेची वाट न बघता दाखव. बायपॅप आला तर पहिल्या रात्रीपासून आठ तास लावायचा हट्ट नको. दुपारी त्यांची आवडती जुनी मॅच लावून दहा मिनिटं, मग वीस. सवयीनं जे बसतं ते समजावून बसत नाही. आणि शेजारचे सांगतील म्हणून ऑक्सिजनचं मशीन परस्पर भाड्यानं आणू नकोस. यांच्यात अडचण हवा आत-बाहेर करण्याची असते. नुसता ऑक्सिजन दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून माणूस गुंगीत जाऊ शकतो.

आता पैसे. हे आजच कर, उद्यावर टाकू नकोस. एफटीडीत माणसं अनोळखी फोनवर ओटीपी सांगतात, कुणालाही उसने देतात, दोन-दोन वॉशिंग मशीन मागवतात. मोबाइलवरची यूपीआय मर्यादा कमी कर. पगाराचं खातं तुमच्या दोघांचं, दोघांपैकी कुणीही चालवू शकेल असं करून घे. फ्लॅटची कागदपत्रं माझ्याकडे आणून ठेव हवी तर. कुलमुखत्यारपत्रावर विसंबू नकोस. आपल्या कायद्यात माणसाची समज गेली की त्याचं मुखत्यारपत्रही संपतं. त्यानंतर कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागतो आणि त्याला वेळ जातो. म्हणून मृत्युपत्र, वारसनोंदी, विम्याचे कागद, सगळं ते अजून समजून सही करू शकताहेत तोवर. त्या दिवशी ते समजून निर्णय घेऊ शकत होते, असं डॉक्टरांकडून लिहून घे.

त्यातच वैद्यकीय इच्छापत्रही. सुप्रीम कोर्टानं मार्च २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये रीत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. व्हेंटिलेटर हवा का नको, हे त्यांनीच सांगावं. नुसत्या एमएनडीत हे बोलायला अवधी मिळतो. इथे दार लवकर बंद होतं. दोन्ही आजार एकत्र असले तर सुरुवातीपासून सरासरी दोन-तीन वर्षं, असं डॉक्टर सांगतील. काहींना जास्त मिळतात. मी तुला आकडा लपवून ठेवणार नाही, कारण तू हिशेबानं वागणारी बाई आहेस.

नोकरीचं. त्यांनी रागाच्या भरात राजीनामा लिहिला तर तो पोचू देऊ नकोस. सरकारी नोकरी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० (४) प्रमाणे नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्या माणसाला काढता येत नाही, पदावनत करता येत नाही. दुसरं काम द्यायचं, तेही नसेल तर वाढीव पद तयार करून ठेवायचं. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी अर्ज कर. कचेरीत काही भलतंसलतं बोलल्याबद्दल त्यांना नोटीस आली असेल तर उत्तरासोबत डॉक्टरांचा दाखला जोड. आणि गाडीची किल्ली काढून घे. ‘सर्व्हिसिंगला दिलीये’ असं सांग. खोटं बोलल्याचं पाप नाही लागत यात.

घरी मोठी मुलगी आहे, म्हणून हेही बोलते, जरी अवघड असलं तरी. या आजारात कधीकधी लाजलज्जेचं भान जातं. अंगावर हात टाकणं, भलतं बोलणं, कपडे सोडणं. तसं काही दिसलं तर मुलीला आधी विश्वासात घे. ‘बाबांचा मेंदू आजारी आहे, पण तुला नको वाटेल ते तू सहन करायचं नाहीस, लगेच मला सांगायचं,’ ही दोन्ही वाक्यं एकदम सांग. कामाच्या मावशींनाही सांग. आजार आहे म्हणून बाकीच्यांनी सोसायचं, असं नसतं. बाहेर जाताना पाकिटात छोटं कार्ड ठेव, ‘यांना मेंदूचा आजार आहे, कृपया समजून घ्या’ असं लिहिलेलं. दुकानात वाद झाला की न बोलता ते पुढे करायचं.

मुलांना होईल का, हे तू विचारलं नाहीस, पण मनात आहे मला माहितेय. २०११ मध्ये अमेरिकेतल्या दोन गटांनी एकाच वेळी नवव्या गुणसूत्रावरचा एक बदल शोधला, सी-नाइन-ओआरएफ-७२. डीएनएची सहा अक्षरं तिथे शेकडो, हजारो वेळा गिरवली जातात. दोन्ही आजार एका घराण्यात का फिरतात, याचं ते सर्वांत मोठं कारण निघालं. आईवडिलांपैकी एकाकडे असेल तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. पण तो युरोपीय वंशाच्या लोकांत जितका आढळतो तितका आशियात आढळत नाही, आणि एएलएसचे बहुसंख्य रुग्ण घराण्यात दुसरं कुणी नसलेलेच असतात. भाऊजींच्या मोठ्या काकांना ‘वेड लागलं’ असं आत्याबाई सांगायच्या ना, ते डॉक्टरांना सांग. कारण असे बरेच जण पूर्वी वेडे ठरले. तपासणी करायची असेल तर आधी जनुकीय समुपदेशन. मुलांची तपासणी मुलांनी मोठं झाल्यावर त्यांची त्यांनी ठरवायची. आज नाही.

आता सासरचे. थोरले दीर म्हणाले, कुणीतरी करणी केली. जाऊबाई म्हणाल्या, बायकोनं नीट सांभाळलं नाही. तू गप्प बसलीस, ते मला कळलं. पण आता गप्प बसू नकोस. एमआरआयचा रिपोर्ट घे आणि दिरांनाच न्यूरॉलॉजिस्टकडे सोबत ने. पुरुष डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांना पटेल, हे मला चीड आणणारं आहे, पण आपल्याला काम करून घ्यायचंय. आणि अंगारा लावायला हरकत नाही. उपाशी ठेवणं, धूर देणं, बांधून ठेवणं यातलं काही कुणी सुचवलं तर तिथे मात्र पाय रोवून उभी राहा.

तुझ्याबद्दल. एमएनडीच्या घरांवर झालेल्या अभ्यासांत हे दिसलंय की काळजी घेणाऱ्याला उचलणं-पुसणं जितकं थकवत नाही तितकं माणसाचं बदललेलं वागणं थकवतं. त्यामुळे ‘अजून तर ते चालताहेत, मी कशाला कुरकुर करू’ असं म्हणू नकोस. तुझा नवरा समोर बसलाय आणि तुला त्यांची आठवण येते, हे विचित्र नाही. कुणाशी बोलावंसं वाटलं आणि मी उचलला नाही तर १४४१६ लाव, टेलिमानस, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. डिमेन्शियाच्या कुटुंबांसाठी एआरडीएसआय नावाची संस्था १९९२ पासून आहे, तिची मुंबईत शाखा आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्येही असे रुग्ण बघतात, दुसरं मत हवं असेल तर आपण मिळून जाऊ.

पुढच्या तपासणीच्या आधी वहीची दोन्ही पानं मला व्हॉट्सॲपवर पाठव, काही राहिलं असेल तर सांगते. पुढच्या शनिवारी मी येतेय, आठवडाभर राहीन. रात्री त्यांच्याजवळ मी झोपेन. तू आतल्या खोलीत दार लावून झोप, आणि बँकेचं काम आपण सोमवारी सकाळीच उरकू.